अंकी, जपानी आणि सासूबाईंची अहिराणी : बरेच महिने वापरल्यानंतर

पुण्यात जपानी शिकणारे दोघं भेटले की तिसरं वाक्य 'अंकी वापरतेस का?' हेच असतं. मी गेल्या पावसाळ्यापासून वापरतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, हे भाषा शिकवणारं ॲप नाही. यात धडे नाहीत, बरोबर उत्तराला टाळ्या वाजवणारं कार्टून नाही. एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं आपण भरायची, मग ते आपल्याला ती विचारत बसतं. उत्तर पाहिलं की 'अगेन, हार्ड, गुड, ईझी' यातलं एक बटण दाबायचं. त्यावरून कार्ड पुन्हा कधी येणार ते ठरतं: आधी काही मिनिटांनी, मग काही दिवसांनी, मग महिन्यांनी. गोष्ट विसरायच्या बेतात असताना आठवायला लावली की पक्की बसते, हे त्यामागचं तत्त्व. विसरण्याचा आलेख हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच मांडला होता. त्यासाठी संगणकाचं सूत्र पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये बांधलं. डेमियन एल्म्स यांचं अंकी २००६ सालचं. ते बरीच वर्षं त्याच सूत्राच्या सुधारलेल्या रूपावर चाललं. २०२३ मध्ये त्यात एफएसआरएस नावाचं नवं गणित आलं. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा, उजळणीचा बोजा कमी होतो. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर ॲप फुकट, आयफोनवर एकदाच पैसे मोजावे लागतात. नेट लागत नाही. वनाझहून मेट्रोत बसलं की डेक्कन येईपर्यंत सकाळची निम्मी कार्डं उरकतात.

माझी नोकरी चाकणला, क्वालिटी विभागात. गिऱ्हाईक जपानी, ईमेल इंग्रजीत, पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या सूचना जपानीत. शनिवारचा क्लास लावला आणि सगळे करतात तेच केलं: नेटवरून हजारो शब्दांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवून घेतला. पुढे जपानी, मागे इंग्रजी.

इथे माझं ठाम मत आहे. मराठी माणसाने जपानीची कार्डं इंग्रजीतून करू नयेत. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीसारखा प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटतो. 'पुणे नि सुन्दे इमास' म्हणजे 'पुण्यात राहत आहे', एकेक शब्द जागच्या जागी. खरी गंमत जोडक्रियापदांची. 'तबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे आणि 'वासुरेते शिमाउ' म्हणजे विसरून जाणे. क्लासमध्ये बाईंनी 'ओकु'चा अर्थ इंग्रजीत 'पुढच्या सोयीसाठी आधीच करणे' असा फळाभर लिहिला. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "म्हणजे 'ठेवणे' ना!" विषय संपला. इंग्रजी डेकमध्ये या एका क्रियापदावर चार ओळींची टीप आहे. माझ्या कार्डावर दोन शब्द आहेत आणि ते कार्ड मी एकदाही चुकलेले नाही.

अक्षरमालेचंही तसंच. हिरागाना या जपानी लिपीचा तक्ता अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म असा जातो. ही मांडणी बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर नेलेल्या आपल्या वर्णमालेवरूनच आलेली. ज्याला बाराखडी येते त्याने त्यासाठी अ‍ॅनिमेशनवाले विकतचे कोर्स घेऊ नयेत. पुण्यात ते विकणारे कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं, मात्र मराठी-बिराठी काही ऐकत नाही. पुढे-मागे वापरात लागणाऱ्या चिन्हांची सरकारी यादी २,१३६ ची. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या पहिल्या पायरीला, एन५ला, शंभरेक आणि पुढच्या एन४ला तीनशेच्या आसपास येतात. माझा घोळ व्हायचा 'मात्सु' आणि 'मोत्सु'मध्ये, म्हणजे वाट पाहणे आणि हातात धरणे. दोन्हींची उजवी बाजू हुबेहूब सारखी, देवळाचं चिन्ह. फरक फक्त डावीकडच्या तीन रेघांत. एकाला चालण्याची खूण, दुसऱ्याला हाताची. सुटी सुटी कार्डं असताना मी प्रत्येक वेळी अंदाजपंचे सांगायचे. आठ वेळा चुकलं की अंकी त्या कार्डावर 'लीच' (जळू) असा शिक्का मारून ते बाजूला काढतं. मग दोन्ही चिन्हं एकाच कार्डावर शेजारी ठेवली आणि प्रश्न विचारला, 'हात कुठे आहे?' त्या दिवसापासून प्रश्न मिटला. तयार डेकमध्ये हे होत नाही, कारण आपलं कुठे अडतं ते दुसऱ्याला माहीत नसतं.

आता अंकीला जमत नाही ते. बोलणं. जेएलपीटीत तोंडी परीक्षा नाही, लेखीही सगळं पर्याय निवडण्याचं. एन५ला १८०पैकी ८० मिळवायचे, त्यात ऐकण्याचे ६०पैकी निदान १९. कार्डांच्या जोरावर ते जमतं आणि माझं जमलं. नंतर ऑडिटला आलेल्या जपानी साहेबांनी जेवताना साधा प्रश्न विचारला, तेव्हा मला सगळे शब्द माहीत होते आणि तोंडातून एक बाहेर आला नाही. त्याला माणसंच लागतात. क्लासमधल्या आम्ही तिघी आता रविवारी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जपानीतच बोलत फिरतो. बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे, त्यामुळे आमचं बोलणं तिथे शोभून दिसतं, असं आमचं आम्हीच ठरवलंय.

दुसरा त्रास थकबाकीचा. रोज वीस नवी कार्डं हे मूळ सेटिंग नोकरी करणाऱ्या माणसासाठी नाही. महिन्याभरात रोजची उजळणी दीडशेच्या घरात जाते आणि दिवाळीत चार दिवस फिरकलं नाही तर परतल्यावर ॲप उघडायची हिंमत होत नाही. मी सातवर आणलंय.

आता थोडं वेगळं. सासूबाई साक्रीकडच्या, घरात अहिराणी बोलतात. २०११च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली अठरा लाखांवर लोक आहेत, पण कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकच. नवऱ्याला समजते, बोलत नाही. माझ्या मुलीला 'माले' आणि 'तुले' यापुढे येत नाही. अहिराणीचं ॲप शोधूनही सापडलं नाही, म्हणून अंकीत मीच डेक सुरू केला. पुढे सासूबाईंचा आवाज, मागे मराठी. कार्डाला आवाज जोडणं दोन मिनिटांचं काम. त्यांना काय बोलायचं ते सांगितलं की ताठ, पुस्तकी बोलायच्या. म्हणून मी फोन ओट्यावर ठेवते आणि भाजी निवडताना जे निघेल ते घेते. 'काय करी राहिनी व?' या कार्डात मागे कुकरची शिट्टी आहे. मुलगी ते कार्ड शिट्टीवरूनच ओळखते, म्हणून ते पुन्हा रेकॉर्ड करायचंय.

सासूबाईंना स्वतःला कन्नड शिकायचंय, कारण नणंद बंगळूरुला आहे आणि तिची मुलं शेजाऱ्यांशी कन्नड बोलतात. त्यांना मी अंकी लावून दिलं. दोन दिवसांनी म्हणाल्या, "हाई काय शे? मलेच विचारस!" आणि बंद केलं. आता रोज संध्याकाळी नातवाला व्हिडिओ कॉल करून 'ऊटा आयता?' विचारतात आणि तो काय जेवला ते कन्नडमध्ये ऐकून घेतात. त्यांच्यासाठी अंकीला शून्य तारे, माझ्यासाठी पाचपैकी चार. एक तारा कापला तो दिसण्यासाठी नाही. सुरुवातीला सेटिंगच्या जंगलात नवखा माणूस हरवतो, म्हणून कापला. घेणार असाल तर एफएसआरएस चालू, नवी कार्डं दहाच्या आत आणि कार्डाची मागची बाजू मराठीत. बाकीच्या सेटिंगला हात लावू नका.