प्रयत्न-प्रमाद की मर्मदृष्टी? पाठ आखण्यापूर्वी

नवा घटक शिकवताना आधी सराव घ्यावा की आधी घटकाची रचना उलगडून दाखवावी? या प्रश्नावर थॉर्नडाइक आणि कोहलर या मानसशास्त्रज्ञांची उत्तरे वेगळी आहेत: पहिल्याचे प्रयत्न-प्रमाद, म्हणजे चुकतमाकत शिकणे; दुसऱ्याचे मर्मदृष्टी, म्हणजे रचना एकदम उमगणे.

थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेले मांजर ओरबाडते, धडपडते. कधीतरी खटका दाबला जातो नि दार उघडते. पुढच्या खेपांना सुटकेचा वेळ हळूहळू घटत जातो. ज्या कृतीचे फळ सुखद, ती पक्की होते, हा परिणामाचा नियम त्यातूनच आला.

कोहलर समष्टिवादी, म्हणजे सुट्या भागांपेक्षा संपूर्ण रचनेला महत्त्व देणाऱ्या पंथाचे. वर्थायमर यांच्या 1912 च्या निबंधाने या पंथाचा पाया घातला. दोन रेषा झपाट्याने आळीपाळीने दाखवल्या की एकच रेषा सरकताना दिसते. ती गती सुट्या रेषांत कुठेच नसते. त्या प्रयोगात कोहलर स्वतः प्रयुक्त होते, म्हणजे प्रयोग त्यांच्यावर झाला. पुढे टेनेरिफ बेटावर त्यांच्या सुलतान नावाच्या चिंपांझीने एक काठी दुसरीत खुपसून लांब केली आणि पिंजऱ्याबाहेरचे फळ ओढून घेतले. मांजरांच्या पेटीवर कोहलर यांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो: दाराची यंत्रणाच नजरेआड असेल, तर मांजराला धडपडण्यावाचून दुसरे काय सुचणार?

शब्दांचे स्पेलिंग, टंकलेखन, परभाषेतले शब्द यांसाठी निःशंकपणे थॉर्नडाइक निवडा. तिथे उमगण्यासारखे थोडे, घोटण्यासारखे फार.

भूमितीत मात्र माझा कौल समष्टिवादाला. समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ लंब टाकून काढायला शिकलेल्या वर्गापुढे वर्थायमर यांनी तीच आकृती फिरवून ठेवली, तर बरीच मुले गांगरली. उलट सूत्र न शिकलेल्या एका चिमुरडीने कात्री मागितली, एका टोकाचा जादा तुकडा कापला आणि दुसऱ्या टोकाला बसवला. आयत तयार! सूत्र विसरले तरी हे विसरत नाही.

तरी मर्मदृष्टी आभाळातून पडत नाही. 1945 मध्ये संशोधक बर्च यांनी काठ्यांचा फारसा अनुभव नसलेल्या चिंपांझींना काठीचे कोडे दिले, तेव्हा बहुतेक अडले. काही दिवस काठ्यांशी मनसोक्त खेळल्यावर मात्र तेच कोडे त्यांनी चटकन सोडवले. म्हणून क्षेत्रफळाचा पाठ घेण्याआधी दोन-चार दिवस कागद आणि कात्री मुलांच्या हाती देऊन ठेवा, काहीही न सांगता.