गोळ्या घ्याव्या का समुपदेशन करावं?

डिप्रेशन हलकं असंल, म्हणजे माणूस वावरात जाते, जेवते पण कशातच मन लागत नाही, तर नुसतं समुपदेशन बऱ्याचदा पुरते. पण कापूस फुटून वावर पांढरं झालं तरी बाजेवरून उठवत नाही, झोप नाही, मरायचं बोलते, तिथं डॉक्टर आजच पाहा, एकटं सोडू नका, गोळ्या अन् बोलणं दोन्ही लागते. गोळीचा असर यायलाच 2 ते 4 आठवडे लागतात अन् लोकं आठ दिवसांत सोडून देतात, बरं वाटल्यावरही निदान 6 महिने चालू ठेवा, डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद नका करू. म्हाताऱ्यांकडं जास्त लक्ष द्या, बुढा उदास आहो म्हणत नाही, अंग दुखते म्हणते. जिल्हा रुग्णालय दूर पडत असंल त 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मनाच्या आजारासाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, फुकट आहे, रात्रीही मराठीत बोलतात.