बोअर पाडावा की शेततळे खोदावे? सांगोल्याकडच्या सहा एकरांचा लिटरमागे हिशेब

मृगाच्या तोंडावर आत्याच्या मुलाचा फोन आला. "दादा, औंदा बोअर पाडावा म्हणतोय. पाणाड्यानं जागा दाखवलीय. पण सोसायटीत लोक शेततळ्याचं बोलायलेत. तूच सांग."

त्याचे सांगोल्याकडे सहा एकर आहेत. एक एकर भगवा जातीचे डाळिंब, बाकी ज्वारी, थोडी तूर, मका. विहीर दिवाळीपर्यंत भरलेली असते आणि होळीला तळ दाखवते. हाताशी सव्वा लाख, उरलेले कर्ज. सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नापाशी अडलेली शेकडो घरे असतील, म्हणून त्याच्यासाठी मांडलेला हिशेब इथे सविस्तर देतो. खर्चाचे, उत्पन्नाचे आणि टिकण्याचे आकडे मी माझ्या अंदाजाने धरले आहेत. तुमच्या गावचे दर, तुमचे उत्पन्न घालून तो पुन्हा करा.

आधी एक गोष्ट. आपण सगळे "एकरी किती सुटले" असेच विचारतो. जिथे जमीन कमी आणि पाणी मुबलक तिथे ते बरोबर आहे. पण वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात जमीन पडून राहते ती पाण्यावाचून. जी वस्तू तुटपुंजी, तिच्यामागे किती सुटले ते पाहायला हवे. म्हणून हा सगळा हिशेब लिटरमागे पैशांत.

बोअर पाचशे फूट धरला. खोदाई आणि केसिंग मिळून लाखभर, मोटर, केबल, पाइप मिळून पाऊण लाख. पण हा खर्च पाणी लागले तरचा. आमच्या वडिलांनी तीन बोअर घेतले, त्यांतल्या दोनांत नुसता फुफाटा निघाला. आपल्या खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि मुरमाच्या थरात, आणि भेग नेमकी कुठे आहे ते पाणाड्याच्या हातातला नारळ सांगत नाही. निम्मे बोअर कोरडे जातात असे धरले, तर एक लागण्यासाठी सरासरी दोन पाडावे लागतात. मग लागलेल्या एका बोअरची खरी किंमत पावणेदोन नाही, पावणेतीन लाख होते. हा कोरड्या बोअरचा लाख कुणीच वहीत लिहीत नाही.

पावणेतीन लाखांवर १२ टक्क्यांनी व्याज ३३ हजार. बोअर सहा वर्षे चालेल असे धरले, तर दरवर्षीची झीज ४६ हजार. मिळून ७९ हजार. तासाला सहा हजार लिटर, रोज तीन तास, वर्षात १५० दिवस असे पाणी मिळाले तर २७ लाख लिटर. म्हणजे लिटरला तीन पैसे. कागदावर हे स्वस्त दिसते आणि भाऊ तिथेच खूश झाला. पण तिसऱ्या वर्षी धार निम्म्यावर आली, तर तेच पाणी सहा पैशांना पडते. तेव्हा माणूस आणखी शंभर फूट खाली जातो, किंवा बांधापलीकडे दुसरा पाडतो.

विजेचा खर्च मी शून्य धरला, कारण एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे हे खरे. पण उपशाचा खर्च सरकारच्या खात्यात गेला म्हणून तो नाहीसा होत नाही, आणि मोटर किती चालवायची याला शेतकऱ्याच्या बाजूने लगाम उरत नाही.

आता सर्वांत मोठी बाब. तुमच्या बोअरला लागलेल्या २७ लाख लिटरांतले नवे पाणी किती? भेग एकच असेल, तर त्यातला बराच वाटा शेजारच्या विहिरीतून आलेला असतो. तुमच्या वहीत तो उत्पन्न म्हणून चढतो, शेजाऱ्याच्या वहीत तूट म्हणून. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर गावाच्या नावावर फक्त खोदाईचा खर्च उरतो. सार्वजनिक प्रकल्पाचा लाभ-खर्च मांडताना अर्थशास्त्रात हीच पहिली शिकवण असते. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेले लाभात धरायचे नसते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा जास्त खोलीची विहीर ही "खोल विहीर" मानली आहे, म्हणजे जेमतेम दोनशे फूट. आपण सर्रास पाचशेच्या गोष्टी करतो.

शेततळ्याकडे वळू. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, एकास एक उताराच्या बाजू, यात सुमारे २२ लाख लिटर मावतात. खोदाई एक लाख वीस हजार, तळाशी अंथरायचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद तेवढ्याचाच, कुंपण आणि बाकी साठ हजार. तीन लाख झाले. बांधासकट बारा-तेरा गुंठे जमीनही जाते. अनुदान मिळाले तर भार हलका होईल, पण ते खात्यावर जमा होईपर्यंत मी हिशेबात घेत नाही. व्याज ३६ हजार, कागद सहा वर्षांनी बदलायचा म्हणून त्याचे २० हजार. वर्षाला ५६ हजार.

२२ लाख लिटर सगळे वापरायला मिळत नाहीत. ऑक्टोबर ते मे पाणी धरून ठेवले, तर बाष्पीभवनात आठ-नऊ लाख लिटर सहज उडून जातात. एप्रिलच्या उन्हात भरल्या तळ्यातून एका दिवसात सात हजार लिटर जातात. हस्त बहारासाठी, म्हणजे पावसाळा सरताना धरलेल्या डाळिंबाच्या बहारासाठी, मार्चच्या आत बहुतेक पाणी वापरले आणि थोडे झाडे जगवायला ठेवले, तर १४ लाख हाती लागतात. लिटरला चार पैसे. भरवशाच्या बोअरपेक्षा महाग, खालावलेल्या बोअरपेक्षा स्वस्त. आणि दसऱ्याला काठावर उभे राहून पाणी किती आहे ते डोळ्यांनी दिसते. बहार धरायचा की झाडे नुसती जगवायची, हे त्यावर ठरवता येते. बोअरवाल्याला हे उशिरा कळते, फळ झाडावर असताना.

पण तळे भरायचे कशाने, हा प्रश्न विचारल्याशिवाय खड्ड्याला हात लावू नका. पावसाचे दहा टक्के पाणी वाहून येते असे धरले, तर पाच एकरांवरून ५०० मिलिमीटर पावसात सुमारे दहा लाख लिटर येतात. म्हणजे २२ लाखांचे तळे भरायला अकरा एकरांचे वाहते पाणी हवे. ते नसते, म्हणून लोक बोअर चालवून तळी भरतात. हे मला मनापासून सलते. जमिनीखाली गार, झाकलेले पाणी वर काढून ते कागदावर पसरून उन्हाला द्यायचे. त्याला जलसंधारण म्हणता येत नाही. उघड्या विहिरीचे ऑगस्ट-सप्टेंबरचे वर आलेले पाणी, जे नाहीतर ओढ्यालाच मिळणार आहे, तेवढे तळ्यात घ्यायला माझी हरकत नाही. भावाच्या बाबतीत निम्मे वाहते पाणी आणि निम्मे विहिरीचे असे जमते.

मग हे पाणी कशावर घालायचे? डाळिंबाच्या चांगल्या वर्षी एकरी खर्च वजा जाता एक लाख चाळीस हजार सुटले, तर १४ लाख लिटरमागे दहा पैसे. पाणी चार पैशांचे, उत्पन्न दहा पैसे, उत्तम. पण तीन वर्षांत एकदा तेल्या (फळावर तेलकट डाग पाडणारा रोग) आला आणि लाखाचा तोटा झाला, तर तिन्ही वर्षांची सरासरी साठ हजारांवर येते. लिटरला चार पैशांच्या जरा वर. म्हणजे बरोबरीत सुटलो. तळे फायद्यात आणायचे असेल तर बाग तेल्या आणि मर (झाडे वाळवणारा रोग) यांपासून वाचवणे हेच काम पहिले, पाणी त्यानंतर. पावसाच्या दमटपणात तेल्या वाढतो म्हणून मृग बहार सोडून हस्त बहार धरायचा, तर पाणी हिवाळ्यात लागते, आणि तिथे तळे कामाला येते. शिवाय दुष्काळात तीन वर्षे वाढवलेली झाडे वाळली, तर पुन्हा शून्यातून सुरुवात. या विम्याची किंमत मी वर धरलेली नाही. ती धरली तर पारडे तळ्याकडे झुकते.

ज्वारीला एवढा खर्च परवडत नाही. पण ज्वारीच्या पोटरीच्या वेळी, कणीस बाहेर पडण्याआधी, पाण्याची एक पाळी द्यायला एकरी अडीच लाख लिटर पुरतात. त्याने दोन क्विंटल वाढले आणि क्विंटलला तीन हजार मिळाले, तर लिटरला जवळजवळ अडीच पैसे, कडबा वेगळा. मालदांडी ज्वारीच्या कडब्याला दुष्काळी वर्षी काय भाव असतो ते इथे सांगायला नको. यासाठी बिनकागदाचे तळे बसते. भारी काळ्या रानात, वाहत्या पाण्याच्या तोंडाशी, मुरून निम्मे पाणी उरले तरी दहा लाख लिटर चार एकरांना एकेक पाळी देतात. खोदाईचे व्याज आणि गाळाचा खर्च धरून पाणी पावणेदोन पैशांना पडते. मुरलेले पाणी विहिरीत येते, तुमच्या आणि शेजाऱ्याच्याही. बोअरच्या नेमके उलटे.

उसाबद्दल थोडक्यात, कारण भावाने तेही विचारले. पाटपाण्यावरच्या उसाला हंगामात २००० मिलिमीटर पाणी धरले आणि पावसाचे ४०० वजा केले, तरी एकरी ६५ लाख लिटर लागतात. म्हणजे तीन भरली तळी. ४० टन ऊस, तोडणी-वाहतूक जाऊन टनाला २७०० रुपये, खर्च ५५ हजार. सुटलेले ५३ हजार लिटरमागे पैशालाही पोहोचत नाहीत. कालव्याचे पाणी ज्याला मिळते त्याला हे जाणवत नाही. पण २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे गेले, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृत साठ्यात उतरले, तेव्हा तोही हिशेबात आला. बोअरचे किंवा तळ्याचे पाणी विकत घेऊन ऊस लावायचा, असे गणित कुठल्याच बाजूने जुळत नाही.

कुंपणाचे पैसे मात्र कापू नका. कागदाच्या तळ्याची बाजू गुळगुळीत असते, पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडा, हवा भरलेली ट्यूब ठेवा, फाटकाला कुलूप लावा. हा खर्च लाभात भागून बघायचा नसतो.

भावाला मी सांगितले ते असे. यंदा बोअर नको. ओढ्याच्या वरच्या अंगाला भारी रानात बिनकागदाचे लहान तळे आधी खोद, आणि पाऊसभर दर रविवारी विहिरीत दोर सोडून पातळी वहीत लिही. हस्तापर्यंत विहीर तळे भरण्याइतकी वर येते असे दिसले, आणि बागेत तेल्या आटोक्यात राहिला, तर पुढच्या वर्षी डाळिंबासाठी कागदाचे तळे. घरच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी उन्हाळ्यात टँकरवर आले असते, तर दोनशे फुटांच्या आतला एक बोअर घे असे मी स्वतः म्हणालो असतो. पण त्याच्या वस्तीला नळाचे पाणी येते.

"मग पाणाड्याला काय सांगू?" त्याने विचारले.

"सांग, विहिरीची वही भरली की बघू."