पेडल स्टील गिटार: उलटे ठेवून पाहावे असे वाद्य

गेली तीन वर्षे माझ्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी हाताने घडवलेली, एका दांडीची, दहा तारांची पेडल स्टील गिटार आहे. अमेरिकेतल्या ज्या कार्यशाळेत ती 2009 साली तयार झाली तिथे मालक आणि कारागीर हा एकच मनुष्य आहे. नेरुळच्या एका निवृत्त जहाज-अभियंत्यांनी ती थेट त्याच्याकडून मागवून घेतली होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना हे वाद्य वाजवणे कठीण होऊ लागले, तेव्हा एका चांगल्या मोटरसायकलच्या किमतीत त्यांनी ती मला दिली. हे परीक्षण मी तीन वर्षे थांबून लिहीत आहे, कारण या वाद्याचे जे खरे मोल आहे ते पहिल्या सहा महिन्यांत मला दिसलेच नव्हते. मी समोरून चकाकणारे मॅपलचे लाकूड आणि दांडीचे ॲल्युमिनियम पाहत होतो, आणि कारागिराचे काम मात्र खालच्या बाजूला होते.

आपल्याकडे हवाईयन गिटार अनोळखी नाही. मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी बार सरकवत वाजवण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू यांनी रुजवली. 1940च्या दशकात ताऊ मो यांच्यासारख्या कलावंतांमुळे ती कोलकात्यात ऐकू येऊ लागली, पुढे व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांच्या वादनातून चित्रपटगीतांच्या धुनांसह घराघरांत पोहोचली, आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडून दाखवला. पेडल स्टील ही त्याच घराण्यातली पुढची पिढी म्हणता येईल. फरक असा की बारने सगळ्या तारांचे स्वर एकदम वर-खाली सरकतात, तर पायाने दाबायच्या पेडलने निवडक तारांचाच स्वर बदलतो आणि बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात.

हे आपल्या स्वरांत सांगितले तर लगेच उमगते. ई-नाइन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिळवणीत मोकळ्या तारांवर सा-ग-प मिळतो. पहिले पेडल पंचमाच्या तारा ताणून त्यांचा शुद्ध धैवत करते, दुसरे पेडल गंधाराचा शुद्ध मध्यम करते. दोन्ही एकत्र दाबली की बार मुळीच न हलवता सा-ग-प विरघळत सा-म-ध होतो, षड्ज तसाच गुंजत राहतो आणि त्याच्या अंगाने दोन स्वर एकाच वेळी, पण वेगवेगळ्या अंतरांची मींड घेत वर जातात. 1954 साली गाजलेल्या, अमेरिकन कंट्री गायक वेब पियर्स यांच्या एका गाण्यात स्टील गिटारवादक बड आयझॅक्स यांनी स्वर वाजत असतानाच पेडल दाबून हा परिणाम ऐकवला, आणि त्यानंतर पेडल नसलेली स्टील गिटार कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये मागे पडत गेली. त्याआधी 1948 मध्ये वाद्यकार पॉल बिग्स्बी यांनी वादक स्पीडी वेस्ट यांच्यासाठी पेडलची गिटार बांधून दिली होती. बडी एमन्स यांनी शॉट जॅक्सन यांच्याबरोबर शो-बड ही कंपनी उभी केली आणि 1963 मध्ये स्वतःच्या नावाची वेगळी कंपनी काढली. एमन्स स्वतः अव्वल दर्जाचे वादक होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वादकाच्या पायाला आणि कानाला काय हवे ते कार्यशाळेतल्या बाकावर ठरत गेले, आणि लहान कार्यशाळांनी ती रीत आजवर टिकवली आहे.

आता खालच्या बाजूकडे येतो. गिटार पलंगावर चादर अंथरून उलटी ठेवली की तिचा तळ एखाद्या जुन्या छापखान्यातल्या यंत्रासारखा दिसतो. पेडल दाबले की उभी सळई खाली ओढली जाते, ती एक आडवा दंड किंचित फिरवते, त्या दंडावर बसवलेला बेल क्रँक नावाचा छोटा हात एक लांब सळई ओढतो, आणि ती सळई उजव्या टोकाच्या चेंजरमधले, म्हणजे स्वर बदलणाऱ्या भागातले, बोट फिरवते. तार याच बोटावरून गेलेली असते, म्हणजे आपल्या वाद्यांतली घोडीच इथे हलती केलेली आहे. माझ्या वाद्यात तीन पेडल आणि गुडघ्याने सरकवायचे चार दांडे आहेत, आणि त्या सर्वांच्या मिळून सतराच्या आसपास सळया आहेत.

यात हाताचे कौशल्य कुठे लागते, याचे एकच उदाहरण विस्ताराने देतो. पहिले पेडल पंचमाच्या दोन तारा ताणते, पाचवी आणि दहावी. पाचवी साधी पोलादी तार आहे, दहावी तिच्या दुपटीहून जाड आणि वेटोळ्यांची. दोघींना एकाच स्वरापासून एकाच स्वरापर्यंत न्यायचे तर वेगवेगळी ओढ लागते. सळई बेल क्रँकच्या कोणत्या भोकात अडकवायची आणि चेंजरच्या कोणत्या, यावर ती ओढ ठरते. निवड चुकली तर जाड तार उशिरा निघते किंवा आधी पोहोचते, आणि मींड घेताना दोन स्वर एकमेकांना घासत जातात. माझ्या गिटारवर हे दोन्ही स्वर एकाच क्षणी निघतात आणि एकाच क्षणी विसावतात, आणि पायाला लागणारा जोर पेडलच्या पूर्ण प्रवासात सारखा राहतो. हे मोजमापाने जवळपास साधते, पण शेवटचा टप्पा कोणीतरी बाकावर बसून, पुन्हा पुन्हा पेडल दाबून, ऐकून साधलेला आहे.

दुसरी गोष्ट स्वर मिळवण्याची, आणि तिच्यासाठी मला हे वाद्य सर्वाधिक प्रिय आहे. प्रत्येक सळईच्या टोकाला, उजव्या बाजूच्या पट्टीबाहेर, नायलॉनचे एक लहान नट असते आणि ते षट्कोनी चावीने फिरवून त्या ओढीचा शेवटचा स्वर ठरवता येतो. म्हणजे मोकळी तार वेगळी मिळवायची आणि तिच्या प्रत्येक बदललेल्या रूपालाही वेगळे मिळवायचे. आमच्या घरी पत्नीचा मिरजेचा तानपुरा आहे. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार आपण जाणतो, तो षड्जापासून 386 सेंटवर असतो (हार्मोनियमच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), आणि हार्मोनियमचा गंधार 400 सेंटवर, म्हणजे कानाला किंचित चढा. नॅशव्हिलचे अनेक वादकही गंधाराची तार त्या चढ्या जागी न ठेवता कानाने उतरवून घेतात, म्हणजे आपल्याच गंधारापाशी येतात. धैवताला षड्ज मानून वाजवायचे असेल, तर गुडघ्याच्या एका दांड्याने षड्ज चढवून केलेला कोमल रिषभ त्या धैवताचा गंधार बनतो आणि तोही शुद्ध हवा असेल तर हार्मोनियमच्या मानाने सुमारे 30 सेंट खाली ठेवावा लागतो. हे सारे निर्णय कारागिराने वाजवणाऱ्याच्या कानावर सोडलेले आहेत. पत्नी तानपुरा लावून बसते तेव्हा मी त्याच्याशी गिटार मिळवून घेतो, आणि पेडल सोडल्यावर मध्यमावरून उतरणारा स्वर तानपुऱ्याच्या गंधारात मिसळून दिसेनासा होतो. हार्मोनियमवर मला हे कधीच मिळाले नव्हते.

विकत घेणाऱ्याने एक चाचणी अवश्य करावी. एक तार छेडून ट्यूनर पाहावा आणि त्या तारेशी संबंध नसलेली दोन पेडल एकत्र दाबावीत. ताण वाढला की वाद्याचा सांगाडा किंचित वाकतो आणि न बदलणारी तारही थोडी उतरते. हे कोणत्याच गिटारमध्ये पूर्ण टळत नाही. माझ्या वाद्यात ही उतरण तीन सेंटच्या आसपास आहे आणि कानाला जाणवत नाही. वजन वाचवण्यासाठी हलका केलेला सांगाडा इथे उघडा पडतो. या कारागिराने घट्ट धाटणीचे मॅपल वापरून कोपऱ्यांचे सांधे असे बसवले आहेत की पंधरा वर्षांहून अधिक काळ दहा तारांचा ताण सोसून त्यांत केसाइतकीही फट पडलेली नाही. स्वराला लांबी आहे, तार छेडल्यानंतर उजव्या पायाच्या व्हॉल्यूम पेडलने आवाज हळूहळू उघडत नेला तर तो गायकाच्या आ-कारासारखा भरत जातो. तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा पिकअप एका वेटोळ्याचा आहे, त्यामुळे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर चालू असताना गुणगुण ऐकू येते. वाजवताना मी पंखा बंद करतो, आणि मे महिन्यात ते सोपे नसते.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. बेल क्रँकचा स्क्रू मी गरजेपेक्षा जास्त आवळला आणि आतले आटे गेले. अमेरिकेहून सुटा भाग मागवण्यात आठवडे गेले असते, म्हणून तो तुकडा काढून मी वागळे इस्टेटमधल्या एका लहान लेथच्या कारखान्यात नेला. तिथल्या टर्नरनी तो व्हर्नियरने मोजला, बराच वेळ उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, याच्या कडा कानशीनं मारल्यात. सळई कुठं घासू नये म्हणून हातानं गोल केल्यात. माणूस घाईतला नाही.” आटे इंची मापाचे होते, त्यासाठी आटे पाडायचा टॅप शोधायला त्यांनी दोन दिवस घेतले. ॲल्युमिनियमचा नवा भाग करून त्याच्याही कडा त्यांनी तशाच कानशीने मारून दिल्या, आणि मी घरी बसवून पाहीपर्यंत पैसे घेतले नाहीत. तो भाग आजही जागेवर आहे आणि पायाला जुन्या-नव्यात फरक कळत नाही. हाताने बनवलेल्या वाद्याच्या बाजूने मला जे सर्वांत ठामपणे म्हणायचे आहे ते हेच: या गिटारमधला प्रत्येक भाग सुटा होतो, डोळ्यांना समजतो आणि ठाण्यातला कुशल माणूस तो पुन्हा करू शकतो. चिकटवून बंद केलेले, कोणी उघडू नये म्हणून घडवलेले असे यात काहीच नाही.

उणिवाही स्पष्ट लिहायला हव्यात. गुडघ्याच्या दांड्यांपैकी उजवीकडचा एक दांडा माझ्यापेक्षा उंच माणसाच्या मापाने बसवला आहे, कारण मूळ मालक सहा फुटांचे आहेत. त्याची जागा सरकवण्याची सोय कारागिराने ठेवलेली नाही, आणि हा मला वाद्याचा खरा दोष वाटतो. मापाने शिवलेला अंगरखा दुसऱ्याला द्यायची वेळ येऊ शकते, याचा विचार व्हायला हवा होता. मी आसनाची उंची बदलून निभावतो, पण लांब बसकीनंतर मांडी भरून येते. नवे वाद्य मागवणाऱ्याने आपली उंची, गुडघ्यापर्यंतचे माप आणि पेडलचा क्रम आधीच कळवावा. एमन्स यांचा क्रम आणि दुसरे वादक जिमी डे यांचा क्रम एकमेकांच्या उलट आहेत, आणि एकाची सवय लागलेला पाय दुसऱ्यावर चाचपडतो.

तारांचा प्रश्न वेगळा आहे. ई-नाइनचा पूर्ण संच इथल्या दुकानांत मला मिळालेला नाही, पण साध्या तारा सुट्या मिळतात. तिसरी तार, 11 मापाची (म्हणजे 0.011 इंच जाडीची), सर्वांत वारंवार तुटते, कारण सर्वांत उंच स्वर तिचा आणि वर पेडलची ओढही तिला. ती मी सहा-सहा घेऊन ठेवतो. खाडीजवळच्या हवेत जून ते सप्टेंबर तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसणे, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि पंधरवड्यातून एकदा चेंजरच्या बोटांना यंत्राच्या बारीक तेलाचा एकेक थेंब देणे एवढे मी नेमाने करतो. लाकडावरचे लॅकर मात्र पावसाळ्यात हाताला चिकट लागते आणि त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

पाय आणि पेडलची पट्टी सुटी करून गिटार पेटीत बसते, तेव्हा तिचे वजन माझ्या काट्यावर 19 किलो भरते. नेरुळहून ती मी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने आणण्याचा विचार केला होता, पण त्या गृहस्थांनी मला परावृत्त केले आणि स्वतःच्या गाडीने ठाण्याला आणून सोडली. घरात आल्यावर बसण्यापूर्वी त्यांनी चादर मागितली, गिटार उलटी ठेवली आणि पहिला अर्धा तास मला एकही तार छेडू न देता एकेक सळई बोटाने दाखवत ती कोणत्या स्वराची आहे ते सांगत राहिले.