बॉस्टन गावातून चालत कुठला धबधबा गाठावा?

हे बॉस्टन मॅसॅच्युसेट्सचं नव्हे. ओहायोतल्या कायाहोगा व्हॅली नॅशनल पार्कातलं, जुन्या ओहायो-ईरी कालव्याकाठचं हे चिमुकलं गाव. पार्कात शिरायला तिकीट नाही. बॉस्टन मिल व्हिजिटर सेंटरपाशी गाडी लावली की दोन धबधबे पायी गाठता येतात: ब्लू हेन आणि ब्रँडीवाइन.

ब्लू हेन जवळचा. जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर. पूर्वी त्याच्याजवळ छोटा वाहनतळ होता, तो बंद झाल्यापासून गावातूनच चालावं लागतं. झाडांवरच्या निळ्या पट्ट्या बकाय ट्रेलची वाट दाखवतात. अंतर कमी असलं तरी चढउतार दमवतात, आणि पावसानंतर चिखलात पाय घसरतो. धबधबा जेमतेम १५ फुटांचा, पण अवतीभवती दाट रान. ज्याला शांतता हवी त्याने इकडेच जावं.

ब्रँडीवाइन ६० फुटी. माथ्यावर कठीण वालुकाश्म, खाली मऊ शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक. त्या शेलच्या थरांवरून पाणी बारीक धारांनी फुटत खाली येतं. स्टॅनफर्ड हाउस या जुन्या शेतघरामार्गे जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर होतात. माझं मत या वाटेला, आणि ते केवळ उंचीमुळे नाही. ब्लू हेनला निघालात की कालवा लगेच मागे पडतो. इकडे मात्र सुरुवातीला टोपाथवरून चालता येतं, म्हणजे ज्या वाटेवरून खेचरं दोराने नावा ओढत, तिच्यावरून. क्लीव्हलंड ते ॲक्रन हा टप्पा १८२७ मध्ये सुरू झाला. एवढ्या अंतरात ४४ लॉक होते. त्यातला ३२ क्रमांकाचा बॉस्टनचा. लॉक म्हणजे दगडी भिंतींचा अरुंद हौद: नाव आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं, की नाव वरच्या पातळीला येते. गावात या नावा बांधल्याही जात. १९१३ च्या पुराने कालवा कायमचा मोडला. हे ठाऊक असलं की ती सपाट वाट कंटाळवाणी वाटत नाही.

उन्हाळा सरताना दोन्हीकडे पाणी रोडावतं. वसंतात किंवा चांगल्या पावसानंतर जा.

सोबत गुडघे दुखणारे आई-बाबा असतील तर चालण्याचा हट्ट नको. ब्रँडीवाइनपर्यंत गाडी जाते आणि धबधबा पाहायच्या वरच्या सज्जापर्यंत लाकडी वाट आहे. पायऱ्या फक्त खालच्या सज्जाला. शनिवार-रविवारी तिथलं पार्किंग भरून जातं, तेव्हा मधल्या वारी सकाळीच पोहोचा.