मूळ आवृत्ती घ्यावी की पुनर्मुद्रण?

कुलचिन्हं, वंशावळी आणि जुनी वास्तुकला या विषयांची दुर्मीळ पुस्तकं जमवायला लागलं की लवकरच हा पेच पडतो: एवढे पैसे एका मूळ आवृत्तीत घालावेत, की त्यात पुनर्मुद्रणांचा अख्खा कप्पा भरावा? माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि दोन्ही वापरात आहेत.

वंशावळींच्या बाबतीत मी ताणून धरणार नाही. तिथे कोण कोणाचा मुलगा, कोणाचं लग्न कुठल्या घराण्यात, एवढंच बघायचं असतं. पुनर्मुद्रणात ते नीट वाचता येतं. फक्त ते कुठल्या आवृत्तीवरून काढलंय ते आधी विचारा. ब्रिटिश सरदारघराण्यांची बर्कची सूची १८२६ साली पहिल्यांदा निघाली, नंतर ती बदलत गेली. एखाद्या घराण्याच्या मूळपुरुषाची जुनी दंतकथा एका आवृत्तीत असते, पुढच्यांत गाळलेली असते.

ढालींचं, म्हणजे ढालीवर काढलेल्या कुलचिन्हांचं, मात्र वेगळं आहे. माझा कौल तिथेच ठरला.

एकरंगी छापलेल्या ढालीत रंग सांगतात त्या रेषा. उभ्या रेषा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, ठिपके सोनेरी, कोरी जागा रुपेरी. पिएत्रा सांता या जेझुइट पंथाच्या इटालियन ख्रिस्ती धर्मगुरूच्या १६३८ च्या रोममधल्या ग्रंथानंतर ही पद्धत सगळीकडे रुळली. ताम्रपटावर, म्हणजे छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर, कोरलेल्या या रेषा केसासारख्या बारीक असतात. स्वस्त पुनर्मुद्रणासाठी पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं की रेषा एकमेकींना चिकटतात आणि ठिपके उडून जातात. सोनेरी ढाल रुपेरी होते, तांबडी आणि निळी दोन्ही काळी. माझ्याकडच्या एका पुनर्मुद्रणात चार भागांची ढाल आहे. मुळात पहिला-चौथा भाग तांबडा, दुसरा-तिसरा निळा. छापलाय एकच काळा चौकोन. भिंग लावूनही काही हाती लागत नाही. आणि रंग ही इथे किरकोळ बाब नव्हे. निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा नेमका कोणाचा, यावरून स्क्रोप आणि ग्रोव्हनर या इंग्लिश घराण्यांत १३८५ साली वाद पेटला आणि तो थेट राजापर्यंत गेला. पुनर्मुद्रणातल्या ढालीवर विसंबून मी तरी कोणाचं घराणं सांगणार नाही.

वास्तुकलेत हे पुस्तकागणिक बदलतं. पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराच्या ग्रंथाच्या १५७० च्या व्हेनिस आवृत्तीतली चित्रं लाकडी ठशांची. रेषा जाड, त्यामुळे चांगलं पुनर्मुद्रण त्यांना बऱ्यापैकी न्याय देतं. १७१५ पासून निघालेले वास्तुकार कॅम्बेलचे इंग्लिश वाड्यांचे खंड ताम्रपटांचे, आणि त्यांतले काही दर्शनी आराखडे दोन पानांवर पसरलेले. लहान आकाराच्या घट्ट बांधणीत अशा आराखड्याचा मधला भाग शिवणीत जातो. दर्शनी बाजूचा मध्य म्हणजे मुख्य दरवाजा. नेमका तोच दिसत नाही. घडीचे तक्ते, म्हणजे घडी घालून बसवलेली मोठी चित्रपानं, तर कित्येकदा न उलगडताच स्कॅन केलेले असतात.

मूळ प्रतींची दुखणीही कमी नाहीत. दर चढे असतात, दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके येतात, आणि चौकटीत लावायला कुणीतरी पानं कापून नेलेली असू शकतात. म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीच्या तक्त्यांच्या यादीशी ताडून एकेक तक्ता मोजायचा, विक्रेता कितीही भला वाटला तरी.

यातून माझ्यापुरती वाट सापडली ती बांधणी सुटलेल्या, ग्रंथालयाचे शिक्के बसलेल्या, पण तक्ते पूर्ण असलेल्या मूळ प्रतींची. शोभेसाठी घेणारे त्यांच्याकडे वळत नाहीत, त्यामुळे भाव निम्म्यावरही येतो. पुठ्ठा नंतर बांधून घेता येतो. कोणाला नीटस कपाट हवं असेल तर त्यांना हे पटणार नाही, आणि तेही समजण्यासारखं आहे.

तरीही पुनर्मुद्रणच घ्यायचं ठरलं, तर मुखपृष्ठाचा फोटो बघून पैसे देऊ नका. ढालींचं एखादं दाटीचं पान जवळून टिपून मागवा आणि त्यातल्या उभ्या-आडव्या रेषा वेगळ्या दिसतात का ते बघा.