मुलांच्या मणक्याची ओपीडी, सोलापूर : आमचा अनुभव

जन्मतः मणक्यात दोष असलेल्या मुलाला सोलापुरात कोठे दाखवावे, या विवंचनेत असलेल्या पालकांसाठी, आमच्या सहा वर्षांच्या मुलीला शहरातील एका खासगी रुग्णालयाच्या ओपीडीत आलेला अनुभव लिहीत आहे.

तिच्या कण्यात एक अर्धमणका, म्हणजे एका बाजूने अर्धाच घडलेला मणका, असून त्यामुळे पाठ एका बाजूला झुकते, हे आम्हांला आधीपासून ठाऊक होते. पूर्वीच्या दवाखान्यात दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढत, बाक किती वाढला ते सांगत आणि पुढची तारीख देत. येथील डॉक्टरांनी मात्र आधी तिची चप्पल उलटी करून पाहिली. डाव्या चपलेची बाहेरची कड झिजून पातळ झाली होती. दोन्ही पावले मोजली, तर डावे लहान भरले. जन्मखूण समजून आम्ही ज्यावर तेल चोळत होतो, तो कमरेवरचा केसांचा पुंजका त्यांनी बारकाईने पाहिला आणि विचारले, "रात्री अंथरूण ओले होते का?" वर्षभर थांबलेला तो प्रकार चार महिन्यांपासून पुन्हा सुरू झाला होता आणि आम्ही तिलाच रागावत होतो, याचे आजही वाईट वाटते.

मानेपासून माकडहाडापर्यंत संपूर्ण कण्याचा एमआरआय झाला. मज्जारज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तिचा चौथ्यापर्यंत उतरलेला आणि खाली जखडलेला निघाला. मूल वाढते तसा असा मज्जारज्जू ताणला जाऊन पाय आणि मूत्राशय यांवरचा ताबा कमी होत जातो, आणि तो मोकळा न करता बाक सरळ करायला गेल्यास इजा होऊ शकते, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सावकाश समजावले. कण्याबरोबरच हृदय आणि मूत्रपिंडेही गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत घडत असल्याने इको व सोनोग्राफीही करून घेतली.

एमआरआयची व्यवस्था मात्र सुधारलीच पाहिजे. गुंगीचे औषध द्यायचे म्हणून सकाळपासून उपाशी ठेवलेल्या मुलीचा आठचा नंबर साडेबाराला लागला, आणि नंतर तिला घरून नेलेल्या चादरीवर बाकावरच निजवावे लागले. लहान मुलांना पहिला नंबर देणे काही अवघड नाही.

शस्त्रक्रियेसाठी त्यांनी आम्हांला पुण्याला पाठवले, पण सविस्तर पत्र देऊन आणि तेथील डॉक्टरांशी स्वतः बोलून. तपासणीला जाताना जुने सर्व एक्स-रे आणि मुलाची रोजच्या वापरातली चप्पल आठवणीने सोबत न्यावी.